वरच्या मजल्यावरची डोकेदुखी

तीस वर्षं इस्पितळात नोकरी केली की माणसाचं नाव हळूहळू पुसलं जातं. किराणावाला या बाईंना सिस्टर म्हणायचा, शेजारीपाजारी सिस्टर म्हणायचे, आणि घरात नवरासुद्धा, भांडण नसलं तर, "अहो सिस्टर, चहा टाकू का?" असंच विचारायचा. नवरा निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यामुळे घरात सगळे त्याला मास्तर म्हणत. अशा या सिस्टरनी निवृत्तीच्या सहाव्या महिन्यात एक घर विकत घेतलं. राहायला नव्हे, भाड्याने द्यायला.

घर लहानसं, दोन मजली. वर एक बिऱ्हाड, खाली एक बिऱ्हाड, मध्ये अरुंद जिना आणि गच्चीवर पाण्याची एकच टाकी. खालच्या भिंतींना ओल होती म्हणून ते स्वस्तात पदरात पडलं. सिस्टरचे थोरले दीर बघायला आले. त्यांचे स्वतःचे चार फ्लॅट भाड्याने दिलेले होते, त्यामुळे या विषयात त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. त्यांनी भिंतीवर बोटाने टिचकी मारली, पोपडा खाली पडला, आणि ते म्हणाले, "घेतलंस ते घेतलंस. आता एक लक्षात ठेव. भाडं तारखेला आलं की आपलं काम संपलं. भाडेकरूच्या दाराआड कधी डोकावायचं नाही. डोकावलीस की तो तुला गळका नळ दाखवणार, मोडकी कडी दाखवणार. दिसलं नाही म्हणजे दुरुस्त करावं लागत नाही."

"बरं, भाऊजी," सिस्टर म्हणाल्या. नवीन वॉर्डात पहिल्या दिवशी मोठ्या बाईंचं ऐकतात तसं त्यांनी ते ऐकून घेतलं.

मास्तरांनी 'जागा भाड्याने देणे आहे' अशी पाटी रंगवली. अक्षरांना सावली, कडेला वेलबुट्टी. पुढचे चार दिवस येणारेजाणारे थांबून पाटीचं कौतुक करून जायचे, जागेबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. पाचव्या दिवशी एक तरुण जोडपं आलं. त्यांनी इतके प्रश्न विचारले की सिस्टर भांबावल्या: पाण्याचं बिल कुणाचं, दुरुस्ती कुणाची, घर सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं? एकाचंही उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. "विचारून सांगते," म्हणाल्या. जोडपं जे गेलं ते गेलंच.

मग तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपासून गच्चीपर्यंत दरवळणारा सेंटचा वास. मास्तरांनी लगेच त्याचं नाव सेंटवाला ठेवलं. सेंटवाल्याने एकही प्रश्न विचारला नाही. खिडकी उघडून बघितली, "सुंदर" म्हणाला, आणि डिपॉझिट टेबलावर ठेवलं. "मी आणि माझा धाकटा भाऊ. दोघेच. दिवसभर कामावर. तुम्हाला आमचा आवाजसुद्धा येणार नाही."

इस्पितळात पेशंट दाखल करून घेताना सिस्टर त्याला चाळीस प्रश्न विचारायच्या. आधी काय आजार होता, कुठली औषधं घेता, सोबत कोण आहे? इथे मात्र त्यांनी या माणसाला आधी कुठे राहत होता एवढंसुद्धा विचारलं नाही. करारनामाही स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला छापील. मास्तरांनी तो आपल्या वळणदार अक्षरात भरला, आणि न वाचताच दोघांनी सह्या ठोकल्या.

चार महिने भाडं तारखेच्या आदल्या दिवशी येत होतं. दीर येताजाता म्हणायचे, "बघ, सांगितलं नव्हतं?" सिस्टरना मनातून थोडा अभिमानही वाटायचा. त्यांनी खालच्या बिऱ्हाडाचं काम काढलं. एक म्हातारा गवंडी लावला. तो रोज सकाळी येऊन भिंतीचा गिलावा खरवडायचा आणि रोज काहीतरी कुरकुरायचा, त्यामुळे सिस्टर त्याच्या बोलण्याकडे फारसं लक्ष देत नसत.

एके दिवशी दहाच्या सुमारास त्या कामावर आल्या तर गवंडी रिकामी बादली घेऊन दारात उभा.

"बाई, सिमेंट कालवायला पाणी पुरत नाही. टाकी तळाला गेलीय."

"सकाळी तर भरली होती."

"वर सात वाजल्यापासून न्हाणं चाललंय. एकाचं झालं की दुसऱ्याचं. दोन माणसं म्हणता तुम्ही? मी रोज मोजतोय. आठ होतात."

कुठेतरी पाणी मुरतंय हे सिस्टरच्या आत्ता ध्यानात आलं. त्या जिना चढू लागल्या. वळणावर थबकल्या. भाऊजींचं बोलणं आठवलं, दाराआड डोकावायचं नाही. पण समोर दाराबाहेर चपलाबुटांचे आठ जोड ओळीने लावलेले होते, आणि प्रत्येक जोड पिठाने पांढरा झाला होता.

त्यांनी बेल वाजवली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग एका उंच, पन्नाशीच्या माणसाने दार उघडलं. डोळे तांबारलेले, एक हात कपाळावर.

"मी घरमालकीण," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

तो माणूस कावराबावरा झाला. "आम्ही... बेकरीत असतो, बाई. रात्रपाळी. मी भट्टीवर. सकाळी येतो, आंघोळ करतो, झोपतो. साहेबांनी ठेवलंय."

सिस्टरनी आत बघितलं. दिवाणखान्याचे प्लायवूडच्या फळ्या ठोकून तीन कप्पे केले होते. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, दिवसा झोपता यावं म्हणून. कुठेही वारा नाही. सेंटवाल्याचा इथे मागमूस नव्हता. तो इथे राहतच नव्हता. त्याने जागा घेतली होती ती खाट-खाट करून विकायला.

रागाने त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तोंड उघडणार तोच भट्टीवाला दाराला टेकला. "माफ करा, बाई. डोकं फार ठणकतंय. रोजचंच आहे. भट्टीच्या धगीने होतं."

"रोजचं?" सिस्टरचा आवाज बदलला. "आणि बाकीच्यांचं?"

"सगळ्यांचंच दुखतं. कुणाला मळमळतं. कामावर गेलो की उतरतं."

"कामावर गेलात की उतरतं? भट्टीपाशी?"

"हो."

बस्स. घरमालकीण तिथेच जिन्यावर राहिली, आत गेली ती वॉर्डातली सिस्टर. "सगळे उठा! उठा, बाहेर चला! गॅस बंद करा आधी!" तीस वर्षांत त्या आवाजापुढे मोठमोठे डॉक्टर दचकले होते, हे तर बिचारे झोपेतले कारागीर. त्यांनी काळे कागद टराटरा फाडले, खिडक्या सताड उघडल्या. न्हाणीघरात गॅसचा गिझर भडभडून पेटलेला होता. त्याचा धुराचा पाइप पूर्वी मागच्या उघड्या गॅलरीत निघत होता. ती गॅलरी आता फळ्या आणि प्लॅस्टिकने बंदिस्त केलेली होती. आणखी दोन खाटा बसवायला. गिझरचा धूर घरातच कोंडत होता.

"गॅलरीत कोण झोपतं?"

"दोघं. एक आंघोळीला गेला होता, तो बाहेर आलाय. दुसरा—" भट्टीवाल्याने मोजलं. जिन्यावर त्याला धरून सातजण होते.

सिस्टरनी गॅलरीचं दार ढकललं. खाटेवर एक जाडजूड माणूस पडला होता. हाक मारली, हलवलं, नुसता कण्हला. त्यांनी काखेत हात घातले. एकटीने ओढवेना. "गवंडीबुवा!" त्या खिडकीतून ओरडल्या. म्हाताऱ्याने थापी टाकली आणि तरण्या माणसासारखा धावत वर आला. भट्टीवाल्याने पाय धरले. तिघांनी मिळून त्याला गच्चीवर मोकळ्या हवेत नेलं. सिस्टरनी त्याला कुशीवर वळवलं, नाडी धरली, आणि दुसऱ्या हाताने इस्पितळाचा तो नंबर फिरवला जो त्यांना झोपेतही पाठ होता. "अँब्युलन्स पाठवा. ऑक्सिजनसकट. गिझरचा विषारी वायू. एक बेशुद्धीकडे, सातजणांना तपासायचंय. पत्ता लिहून घ्या, आणि पुन्हा वाचून दाखवा."

संध्याकाळपर्यंत आठही जण धोक्याबाहेर होते. तो जाडजूड कारागीर, ज्याला बाकीचे पाव म्हणायचे, ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून पहिलं काय बोलला असेल तर, "आज माझी पाळी कोण करणार?" डॉक्टरांनी सिस्टरना बाजूला घेतलं. "अजून अर्धा तास झाला असता तर उपयोग नव्हता. तुम्ही तिथे होतात हे त्यांचं नशीब."

सिस्टर इस्पितळाच्या बाकावर येऊन बसल्या. कौतुक कानाला बोचत होतं. मास्तर शेजारी बसले.

"चार महिने, अहो," त्या म्हणाल्या. "घर माझं, गिझर माझा. आणि मी एकदाही वर गेले नाही. भाडं येतंय म्हणून खूश होते. पेशंटचं ताप-पत्रक न बघता मी कधी घरी गेले होते का?"

मास्तर म्हणाले, "नाही गेलात. म्हणजे काम तुम्हाला येतंच. हे तेच काम आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर कामाला लागल्या. गॅस कंपनीचा तपासनीस बोलावून त्याच्याकडून लेखी अहवाल घेतला. फळ्या, कागद, बंद केलेली गॅलरी, सगळ्याचे फोटो काढले. मग करारनामा घेऊन त्या वकीलबाईंकडे गेल्या. या वकीलबाईंना त्यांनी कधीकाळी बाळंतपणात सांभाळलं होतं. वकीलबाईंनी कागद वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. "सिस्टर, हा तुम्ही वाचला होता?"

"नाही."

"उत्तम छापलाय. कलम सात: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येणार नाही. कलम नऊ: बांधकामात फेरफार करता येणार नाही. दोन्ही मोडलीत. पण जाऊन कुलूप तोडू नका, सामान रस्त्यावर फेकू नका. रीतसर नोटीस देऊ. आणि एक सांगा, याच्या आधीच्या घरमालकाला फोन केला होता?"

भट्टीवाल्याकडून नंबर मिळवून सिस्टरनी तिथूनच केला. पलीकडचा माणूस नाव ऐकताच म्हणाला, "कोण, तो वास मारणारा? गेला तेव्हा आम्ही आख्ख्या गल्लीला चहा पाजला होता." एक फोन. चार महिन्यांपूर्वी केला असता तर दोन मिनिटं लागली असती.

दिरांना बातमी कळली तेव्हा ते धापा टाकत आले. "आठच्या आठ हाकलून दे! बेकरीवाले, एकटे पुरुष ते! उद्या तुझ्यावर केस करतील. कुलूप लाव आणि घर विकून मोकळी हो. मी गिऱ्हाईक आणतो."

"भाऊजी, त्यांनी माझं काय वाईट केलंय?" सिस्टर म्हणाल्या. "त्यांनी चार महिने चौपट पैसे मोजले, आणि बदल्यात विष घेतलं. हाकलायचा तो एकच आहे."

तो एकच दोन दिवसांनी आला. नोटीस मिळाली होती. जिन्यावर वास आधी आला, मागून तो. गवंड्याने फळ्या उपटून मोकळ्या केलेल्या वरच्या दिवाणखान्यात सिस्टर, मास्तर, वकीलबाई आणि आठही कारागीर बसले होते.

"हे काय चाललंय?" सेंटवाला म्हणाला. "करार माझ्या नावावर. माझ्या परवानगीशिवाय तुम्ही घरात घुसलात! कोर्टात खेचीन."

"खेचा," सिस्टर म्हणाल्या. "न्यायाधीशांना मी हा अहवाल दाखवेन, हे फोटो दाखवेन. आणि या माणसाला उभं करेन." त्यांनी पावकडे बोट दाखवलं. "त्याला विचारतील, तू कुणाला पैसे देत होतास, आणि गॅलरी कुणी बंद केली. तो काय सांगेल ते तुम्हीच सांगा."

सेंटवाल्याने कारागिरांकडे मोर्चा वळवला. "तुमचं सामान आजच्या आज बाहेर काढतो! राहायला कुठे जाल? रस्त्यावर?"

भट्टीवाला सावकाश उठला. तो उंच होताच, आज आणखी उंच वाटला. "साहेब, आम्ही भट्टीपाशी झोपू. तिथे निदान धूर वर जातो. तुम्हाला मात्र यापुढे आमच्यातलं कुणी काही देणार नाही." आणि तो पुन्हा खाली बसला. बाकीचे सात जण सेंटवाल्याकडे नुसते बघत राहिले. सेंटवाल्याची तेवढ्यानेच भंबेरी उडाली. तो सिस्टरकडे वळला तेव्हा आवाज मऊ झाला होता. "बाई, आपण समजून घेऊ. भाडं वाढवून देतो. दीडपट."

"बसा," सिस्टर म्हणाल्या. वकीलबाईंनी कागद पुढे केला, आणि सिस्टर सांगू लागल्या, "जागेचा ताबा सोडल्याचं लिहिलंय. डिपॉझिटमधून पाइप आणि गॅलरीच्या दुरुस्तीचा खर्च वजा होईल, उरलेलं पावतीसकट आत्ता मिळेल. मला तुमचा एक पैसा जास्त नको. गिझरचं प्रकरण डॉक्टरांनी पोलिसांना कळवलंय. तिथे काय सांगायचं ते तुम्ही सांगा, माझं मी सांगितलंय. माझी चूकसुद्धा सांगितलीय."

त्याने खिशातून पेन काढलं. ते झरेना. मास्तरांनी आपलं चित्रकलेचं जाड पेन पुढे केलं, आणि त्याने सही केली. तो खाली उतरला, गल्लीच्या टोकाला वळला, आणि वकीलबाईंनी वास जावा म्हणून खिडकी आणखी थोडी उघडली.

आता आठजण सिस्टरकडे बघत होते.

"मी तुम्हाला दया म्हणून ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि भीती वाटते म्हणून काढणारही नाही. चाळीस प्रश्न विचारणार आहे. एकेक जण पुढे या."

आणि खरंच विचारले. किती वर्षं काम करता, आधी कुठे राहत होता, घर का सोडलं, अडचण आली तर कुणाला फोन करू? बेकरीच्या मालकिणीला फोन लावला. ती म्हणाली, "भट्टीवाला अकरा वर्षांत दोनदा आला नाही. एकदा लग्न होतं, एकदा तुमच्या इस्पितळात होता." आधीच्या घरमालकांपैकी तिघांशी सिस्टर बोलल्या. चौथा नुसता रडला, इतके चांगले भाडेकरू गेले म्हणून. मग त्यांनी ठरवलं: चारजण वर, चारजण खाली. खालची भिंत सुकली की लगेच. दोन वेगळे करार, आठ सह्या, प्रत्येकाच्या हातात स्वतःची पावती. माणशी भाडं सेंटवाल्याच्या निम्म्याने. तरीही महिन्याकाठी सिस्टरच्या हातात आधीपेक्षा जास्त पडू लागलं, कारण आता मध्ये खाणारं कुणी नव्हतं.

करार त्यांनी या वेळी मोठ्याने वाचून दाखवला, कलम कलम. पाण्याचं बिल कुणाचं, दुरुस्ती कुणाची, नळ गळला तर किती दिवसांत? पावने हात वर केला. "बाई, यात तुम्ही घर बघायला कधी येणार ते लिहिलंय. दोन दिवस आधी सांगून, तीन महिन्यांतून एकदा. पण ते कमी नाही का? महिन्यातून या की."

"का रे?"

"आम्ही ताजा ब्रेड आणतो तेव्हा खायला कुणी नसतं."

सिस्टर इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला.

गिझर आता गच्चीवर बसला, उघड्यावर, धूर आभाळात. दोन्ही बिऱ्हाडांत वायू ओळखून किंचाळणारं यंत्र भिंतीवर लागलं. खालची ओल कुठून येते ते गवंड्याने शेवटी शोधून काढलं. वरच्या न्हाणीघराचा फुटका सांधा. आठजणांच्या आंघोळींनीच तो सापडला, असं तो जाईल तिथे सांगत सुटला. सहा महिन्यांनी भिंत खडखडीत कोरडी झाली. मास्तरांनी जिना पिवळा रंगवला.

मग दिरांचा फोन आला. बराच वेळ हवापाण्याबद्दल बोलले. "अगं, माझ्या तिसऱ्या फ्लॅटमध्ये... गॅलरी आतून बंद केलेली दिसतेय. चपला जास्त दिसतात. तुझ्या त्या वकीलबाईंचा नंबर..."

"देते, भाऊजी. आणि उद्या सकाळी मीच येते तुमच्याबरोबर. दार वाजवायचं कसं ते दाखवते."

गोष्ट तिथे थांबली नाही. तपासनीसाने कुणाला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. एका रविवारी सकाळी सिस्टर आपल्या घराचं दार उघडतात तर पायऱ्यांवर सहाजण बसलेले. एक सुतार, ज्याने मुलीच्या नावाने खोली घेतली होती. दोघी बहिणी, ज्यांना वडिलांचा फ्लॅट मिळाला होता आणि ज्या भाडेकरूला फोन करायलाही घाबरत होत्या. एक टॅक्सीवाला, जो नुसता 'काय काय विचारायचं' याची यादी हवी म्हणून वही घेऊन आला होता. आणि मागे एक तरुण जोडपं. सिस्टरनी ते ओळखलं: तेच, ज्यांच्या प्रश्नांपुढे त्या गडबडल्या होत्या. दोघांनी आता स्वतःचं घर घेतलं होतं आणि जुनी खोली भाड्याने द्यायची होती.

"तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, विचारून सांगते," ती मुलगी संकोचाने म्हणाली.

"म्हणाले होते," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मास्तरांना आठ कप चहा टाकायला सांगितला, दारातली खुर्ची बाहेर ओढली, आणि पदर खोचून बसल्या. "पण आधी या सुतारांचं होऊ दे, ते पहिले आलेत. हं, बोला. खोलीला खिडक्या किती?"